स्वनिर्मित विमानांतील आंतरशीतक व हवापुरवठा

सु. ५,५०० मी. उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो आणि साध्या एंजिनाची शक्तीही जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. निष्कास वायूंवर फिरणाऱ्या टरबाइनाने संपीडक चालवून ही उणीव भरून काढण्याच्या कल्पनेचे एकस्व (पेटंट) स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ मध्ये घेतले. सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये अमेरिकेतील पाइक्स पीक या सु. ४,३०० मी. उंच शिखरावर लिबर्टी एंजिन नेऊन समुद्रसपाटीइतकी शक्ती मिळवून दाखविली.

परंतु हवा दाबली की तापते. ५,५०० मी. उंचीवरील उणे २० अंश से. तापमानाची हवा दुप्पट दाबाला आणल्यास ती ६० अंशांच्या पुढे जाते. ती आंतरशीतकातून नेऊन २० अंशांवर आणली, तर त्याच दाबाला तिची घनता सु. १५ टक्क्यांनी वाढते व मिश्रण अकाली पेटण्याचा धोका कमी होतो. लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानात पंखाची पुढची कडाच आंतरशीतक म्हणून वापरली होती. युक्ती देखणी खरी. पण एंजिनांची शक्ती वाढताच ती अपुरी पडली. १९४३ च्या ‘जे’ प्रकारात आंतरशीतक एंजिनाखाली आले आणि पंखातील जागा इंधनटाक्यांना मिळाली.

युद्धोत्तर काळात हौशी विमानबांधणी वाढली; तिची अमेरिकी संघटना १९५३ मध्ये मिलवॉकी येथे स्थापन झाली. महाराष्ट्रातील गाजलेले उदाहरण वैमानिक अमोल यादव यांचे. मुंबईत चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर बांधलेले त्यांचे सहा आसनी विमान २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात मांडले गेले व २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. सह्याद्री ओलांडण्यास मात्र टर्बो लागत नाही. कळसूबाईची उंची अवघी १,६४६ मी. आहे. हिमालयात प्रश्न वेगळा.

टर्बो विकत मिळतो. नळरचना बहुधा बांधणाऱ्यालाच जुळवावी लागते, आणि खरी परीक्षा तेथेच होते. एंजिन रबरी आधारांवर हलते, आंतरशीतक मात्र सांगाड्याला बांधलेला असतो. म्हणून मधला जोड लवचिक हवा. नळीच्या टोकाला उठावदार कड नसेल, तर पट्टा आवळलेला असूनही दाबाने रबरी नळी निसटते. मग हवा अचानक कमी होते, इंधन तेवढेच राहते आणि अतिसमृद्ध मिश्रणाने एंजिन बंदही पडू शकते. वैमानिकाने तत्काळ इंधन कमी करावे लागते. थंड करणारी हवा शीतकाच्या कडेने निसटू नये म्हणून फटी बुजविणेही तितकेच आवश्यक असते. रोटॅक्सने ९१४ या टर्बो एंजिनासोबत आंतरशीतक दिला नव्हता. १४१ अश्वशक्तीच्या ९१५ मध्ये तो मूळ रचनेतच आहे.