तुटण्यासाठीच बनवलेली पट्टी

वडोदऱ्याला दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर उत्तरायणाच्या आदल्या रात्री कन्न्या बांधायचं काम आजोबांकडे असे. गाठ बोटभर खाली सरकली की पतंग छाती काढून वाऱ्याला सामोरा होतो आणि मांजा हातातून हिसकावून घेतो, हे त्यांनी माझा हात धरून दाखवलं होतं. बिनइंजिनाच्या ग्लायडरचंही असंच आहे. फक्त तिथे दोराच्या दुसऱ्या टोकाला फिरकी नसते. विमान असतं, त्यात माणूस बसलेला असतो.

विमानामागे दोराने ग्लायडर बांधून उडवायची रीत जर्मनीतली. १९२७ साली कासेलला गोट्लोब एस्पेनलाऊबने ती करून दाखवली. त्याआधी टेकडीवरून रबरी दोराने ग्लायडर भिरकावत.

आपल्याकडे या दोराची कसोटी लागली ती युद्धात. ५ मार्च १९४४च्या रात्री आसामातल्या लालाघाटहून ब्रिटिशांच्या चिंडिट तुकडीच्या सैनिकांचे ग्लायडर ब्रह्मदेशाकडे निघाले, एकेका डाकोटा विमानामागे दोन-दोन. ओझ्याने कित्येक दोर वाटेतच तुटले आणि माणसं अंधारात भलत्याच रानात उतरली. मग एका विमानामागे एकच ग्लायडर बांधू लागले.

आज दोरात मुद्दाम एक कमजोर पट्टी घालतात. भोकांची, धातूची, हातात मावेल एवढी. टोस्ट कंपनीची काळी पट्टी साधारण हजार किलोच्या ओढीला तुटते, निळी सहाशेच्या, पांढरी पाचशेच्या. आम्ही मांजा तुटू नये म्हणून जिवाचा आटापिटा करायचो; इथे तुटण्याचाच हिशेब आधी मांडलेला. मला ही पट्टी फार मोलाची वाटते.

पण सगळ्यात वाईट प्रसंगी ती तुटेलच असं नाही. ग्लायडर एकदम वर चढला की विमानाची शेपटी उचलली जाते आणि नाक जमिनीकडे वळतं. दोन-तीन सेकंदांत सगळं घडतं. इंग्रजीत या प्रकाराला पतंगावरूनच नाव पडलंय. ग्लायडरच्या पोटाखालचा दोर अडकवायचा आकडा जमिनीवरून दोर ओढणाऱ्या विंचसाठी योग्य, हडपसरला विंचनेच ग्लायडर चढवत. पण त्याच आकड्याला विमानाचा दोर लावला तर हा धोका वाढतो. म्हणून विमानाच्या दोरासाठी नाकाजवळ वेगळा आकडा आला. कन्नीची गाठ वर सरकवली, असंच म्हणा ना.

शेवटचा उपाय म्हणजे दोर सोडायची पिवळी मूठ. पुढच्या विमानाने पंख डोलावले की ती ताबडतोब ओढायची. नुसतं शेपटीचं सुकाणू हललं तर आधी आपले एअरब्रेक उघडे राहिलेत का ते बघायचं. या दोन खुणांची गल्लत होऊन माणसं फार खाली असतानाच दोर सोडून बसली आहेत. आणि पुढचं विमान नजरेआड झालं, तर खुणेची वाट बघायचीच नाही.