वापरणाऱ्याची आवड कुठे ठेवायची?

विंडोज ३.१ च्या काळात, म्हणजे १९९२ च्या सुमारास, वापरणाऱ्याची आवडनिवड साध्या मजकुराच्या आयएनआय फाइलीत राही. चौकटी कंसात विभागाचे नाव आणि खाली ‘ग्रिड=१’ अशा ओळी. मी पुण्यात सी प्लस प्लस लिहू लागलो तेव्हा असा कोड रोजच्या वापरात होता. फाइलीतून आकडा वाचायला विंडोजने ‘गेट प्रायव्हेट प्रोफाइल इंट’ दिले होते. लिहायला मात्र तसे काही नव्हते. आधी आकड्याची स्ट्रिंग करा, मग ती लिहा.

मायक्रोसॉफ्टच्या एमएफसी या सी प्लस प्लस लायब्ररीने ‘राइट प्रोफाइल इंट’ देऊन ती उणीव भरली. ‘सेट रजिस्ट्री की’ एकदा बोलावले की तीच फंक्शने फाइल सोडून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या मध्यवर्ती सेटिंग-भांडारात, लिहीत. १९९५ मध्ये विंडोज ९५ मुळे रजिस्ट्री घरोघरी पोचली. तिथे प्रत्येक नोंदीला स्वतःचा प्रकार होता, स्ट्रिंग वेगळी आणि आकड्याचा डीवर्ड वेगळा.

पण पडदा रंगवताना दर वेळी रजिस्ट्रीला विचारणे परवडत नसे. म्हणून आम्ही क्लास बांधले. मूल्य पहिल्यांदा मागितले की वाचून मेंबरमध्ये ठेवायचे, बदलले की दोन्हीकडे लिहायचे. त्यावर ‘ऑपरेटर इंट’ चढवला की ऑब्जेक्ट थेट आकडा म्हणून वापरता येई. स्ट्राउस्ट्रप यांनी रचलेल्या सी प्लस प्लसमध्ये ही सोय १९८५ पासूनच होती.

तिची किंमत हळूहळू कळली. ‘ग्रिडचा रंग’ आणि ‘अक्षराचा आकार’ यांची तुलना कोणी चुकून केली, तरी दोन्ही मुकाट्याने आकडे होत आणि कंपायलर हूं की चूं करत नसे. १९९८ च्या प्रमाणित भाषेतल्या स्ट्रिंगने असे आपोआप रूपांतर नाकारले. तिथे ‘सी-स्टर’ मागावेच लागते. त्याच प्रमाणाने ‘एक्स्प्लिसिट’ हा शब्द कन्स्ट्रक्टरसाठी आणला, आणि २०११ मध्ये तो रूपांतराच्या ऑपरेटरलाही लावता येऊ लागला. त्याच वर्षी ‘ऑटो’ नव्या अर्थाने आला: चलाचा प्रकार कंपायलरनेच ठरवायचा. ‘ऑटो’ने घेतलेले सेटिंग आकडा होत नाही, अख्ख्या ऑब्जेक्टची प्रत होते, मूळ बदलले तरी ती जुनेच मूल्य सांगत राहते.

म्हणून नव्या सहकाऱ्यांना माझे सांगणे असते: कॅशे जरूर ठेवा, बदल लगेच लिहा, पण मूल्य ‘गेट’ म्हणून मागा. वापरणाऱ्याने आपल्या हाताने केलेली निवड आपण सांभाळतो आहोत. तिच्यासाठी चार अक्षरे जास्त लिहिणे हे आपले कामच आहे.