धोट्याचा धागा आणि पगाराचा आकडा

पगार कोण ठरवतं असं विचारलं, तर आपण चटकन म्हणतो, मालक. फार तर मालक आणि युनियन. पण मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास बघितला, की कामाची एखादी बारीकशी रीतसुद्धा पगार ठरवते, हे आपल्या ध्यानात येतं.

गिरणीतलं साचाखातं, म्हणजे विणाईचं खातं, चांगल्या कमाईचं. साचेवाल्याला विणलेल्या कापडावर पैसे मिळत. हातात कसब असेल तर रिंग खात्यातल्या कामगारापेक्षा त्याची कमाई बरीच जास्त होई. धोट्यातली कांडी संपली, की नवी बसवायची आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून धाग्याचं टोक ओढून घ्यायचं. दिवसातून कितीतरी वेळा.

आता तोच धोटा अनेकांच्या हाताखालून जाणार. ज्यांना अस्पृश्य मानलं जाई, त्यांच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असं सवर्ण साचेवाले म्हणत. परिणाम काय? दलित कामगारांना साचाखात्याचं दार बंद. ते रिंग खात्यात किंवा झाडलोटीसारख्या कमी पगाराच्या कामांत अडकून पडले. दराच्या तक्त्यात कुठेही जात लिहिलेली नव्हती बघा! ती धोट्याच्या भोकात होती.

1928 साली मुंबईत मोठा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार, जवळजवळ सहा महिने. पगारकपात नको, दोनऐवजी तीन साचे सांभाळायची सक्ती नको, हे संपाचे मुख्य मुद्दे. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे प्रश्न ठेवला: साचाखातं दलितांना खुलं करा, ही मागणी तुमच्या यादीत का नाही? कामगारांच्या एकजुटीला विचारलेला तो अवघड प्रश्न होता, कारण इथे दार अडवणारे कामगारच होते. आणि मालकांनीही ते उघडायची तसदी घेतली नाही.

रीत बदलता आली नसती का? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने ओढायच्या धोट्यावर 1911 सालीच कायद्याने बंदी घातली होती. तिथे कारण होतं रोगराईचं. म्हणजे हाताने ओवायचा धोटा तेव्हाही होता.

तेव्हा जुनं पगारपत्रक हाती आलं, तर आपण आकड्यांच्या आधी एक गोष्ट विचारूया: या खात्यात पाऊल टाकायची मुभा कोणाला होती?