लेन्सवरचा आकडा आणि सेन्सरची चौकट

लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा घेताना ग्राहकाचे पहिले लक्ष मेगापिक्सेलकडे जाते आणि दुसरे लेन्सवरील मिलिमीटरच्या आकड्याकडे. मात्र हा आकडा सेन्सरच्या आकाराशी पडताळून पाहिला नाही, तर हजारो रुपयांची लेन्स ऐन वेळी अपुरी पडू शकते.

फोकल लेंग्थ म्हणजे काय?
दूरच्या वस्तूची प्रतिमा सुस्पष्ट उमटते, तेव्हा लेन्सचे प्रकाशीय केंद्र आणि सेन्सर यांच्यातील अंतर म्हणजे फोकल लेंग्थ, अर्थात नाभीय अंतर. हे अंतर कमी असेल तर विस्तृत दृश्य टिपले जाते. जास्त असेल तर दूरची वस्तू मोठी दिसते.

सेन्सरचा संबंध
'फुल फ्रेम' सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. फिल्मच्या काळातील हे माप १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने रूढ केले. 'एपीएस-सी' सेन्सर याहून लहान असतो. छापील छायाचित्राच्या कडा कात्रीने कापाव्यात, तसा तो दृश्याचा केवळ मधला भाग टिपतो. त्यामुळे ५० मिलिमीटरच्या लेन्सचा फुल फ्रेमवरील सुमारे ४७ अंशांचा कर्णरेषेतील दृश्यकोन येथे ३२ अंशांच्या आसपास येतो. लेन्स मात्र तीच राहते.

गुणाकार कसा करावा?
फुल फ्रेमशी तुलना करण्यासाठी निकॉन व सोनीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांवर फोकल लेंग्थला १.५ ने, कॅननवर १.६ ने, तर मायक्रो फोर थर्ड्सवर २ ने गुणावे. पक्षी टिपणाऱ्यास ३०० मिलिमीटरची लेन्स दीडपटीच्या हिशेबाने ४५० मिलिमीटरइतकी चौकट देते. उलट, घरातील छोट्या खोलीत सर्व कुटुंबीयांना एकत्र टिपायचे असेल, तर २४ मिलिमीटरची लेन्स ३६ सारखी वागते. फुल फ्रेमवरील २४ चा विस्तार हवा असल्यास १६ मिलिमीटरची लेन्स लागते.

हे लक्षात ठेवा
केवळ एपीएस-सीसाठी बनविलेल्या लेन्सवरही खरी फोकल लेंग्थच छापलेली असते. गुणाकार तेथेही करावाच लागतो. मोबाइलच्या माहितीपत्रकातील २४ मिलिमीटर हा आकडा मात्र आधीच गुणलेला असतो. प्रत्यक्ष लेन्स अवघ्या काही मिलिमीटरची असते. म्हणून दुकानात आधी सेन्सरचा आकार विचारावा, लेन्सची निवड त्यानंतर करावी.