धाव, चाकोरी आणि वाफसा

भोपाळमध्ये ‘चार इमली’ म्हटले की चिंचेची झाडे कमी आणि सरकारी बंगले जास्त आठवतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. नागपूरच्या सचिवालयातली दप्तरे इकडे आली, दप्तरांबरोबर कितीतरी मराठी कारकून-अधिकाऱ्यांची बिऱ्हाडेही आली, आणि ‘पंचेचाळीस बंगले’, ‘चौऱ्याहत्तर बंगले’, ‘बारासौ पचास’ अशा हिशेबी नावांच्या वस्त्या वाढल्या. त्या मानाने चार इमली रसिकच म्हणायची. आकडा इथेही आहे, पण निदान झाडांचा. या अधिकारीवर्गाचे फिरतीचे वाहन म्हणजे जीप. तिला सहा इंच रुंदीचे, आजच्या नजरेला अगदी काटकुळे वाटावेत असे टायर असत. आता महिंद्रच्या नव्या थार गाडीच्या एका प्रकाराला कारखान्यातूनच २५५ मिलिमीटर रुंदीचे टायर येतात, म्हणजे दहा इंच, आणि हौशी मालक त्याहूनही रुंद बसवून घेतात. पावसाळ्यात चिखलातून जायचे तर टायर जितका रुंद तितका चांगला, हा त्यामागचा समज. या मुलखातल्या चाकांचा इतिहास या समजाच्या विरुद्ध साक्ष देतो.

साक्षीत पहिला मान जमिनीचा. भोपाळ विंध्याचा वालुकाश्म आणि दख्खनचा काळा पाषाण यांच्या सांध्यावर बसलेले आहे. शहरातल्या टेकड्यांवर पाऊस पडला की पाणी वाहून जाते आणि खडक उघडा राहतो. पश्चिमेला सीहोरच्या वाटेवर गव्हाची काळी रानं लागतात, तिथे तेच पाणी मुरते आणि माती फुगते. वर्षाचा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. या काळ्या मातीतली चिकण ओली झाली की लोण्यासारखी निसरडी आणि खळीसारखी चिकट, दोन्ही एकदमच होते. अनवाणी चाललेल्या माणसाच्या तळव्याला चार पावलांत मातीची जाड चप्पल चढते. टायरचेही तेच होते. चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत नक्षीच्या खाचा भरतात, ठोकळे दिसेनासे होतात, आणि हजारो रुपयांचा कोरा टायर गोटा झालेल्या टायरसारखा जागच्या जागी फिरू लागतो. म्हणून इथे नक्षी किती दाट आहे याला महत्त्व नाही. दोन ठोकळ्यांमधली माती चाक फिरताना झटकली जाते की नाही, हे पाहायचे.

या मातीशी सर्वांत जुना व्यवहार बैलगाडीचा. तिचे लाकडी चाक माणसाच्या कमरेच्या वर जाणारे, आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव मात्र जेमतेम दोन-तीन बोटे रुंद. ही धाव रस्ते कापते म्हणून रस्ते बांधणारे इंजिनियर तिच्यावर कायम रागावलेले असत, आणि ते खोटे नव्हते; खडीच्या रस्त्यात खोल चाकोऱ्या तिनेच पाडल्या. पण जी धाव सडकेला कापते तीच वरचा पातळ चिखल कापून खालच्या घट्ट थराला टेकते. रुंद चाकापुढे चिखलाची लाट जमते आणि बैलांना गाडीबरोबर ती लाटही ढकलावी लागते. उंच आणि अरुंद चाक ती बाजूला सारते. उंचीमुळे चाकाचा जमिनीला लागणारा भाग लांबट होतो, खड्ड्यातून वर येणेही सोपे जाते. म्हणजे या चाकाने रुंदीचे काम उंचीकडून करून घेतले होते. गावच्या सुताराने हे सूत्र कागदावर मांडले नसेल, पण पिढ्यान्‌पिढ्या तेच माप धरले.

जीप आली तीही याच वळणाची. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे टायर ६.००-१६ मापाचे: सहा इंच रुंद, सोळा इंची चाकावर चढवलेले, पुढे-मागे सारखीच पकड देणाऱ्या आडव्या ठोकळ्यांचे. स्वातंत्र्यानंतर महिंद्रने माझगावात याच जीपची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि जीप ही गटविकास अधिकाऱ्याची ओळख होऊन बसली. ज्या वाटांवरून ती गावोगाव गेली त्या बैलगाडीनेच पाडलेल्या होत्या.

यावर कोणी म्हणेल, यात शहाणपण कुठले? अमेरिकन लष्कराने जे माप ठरवले ते आपल्याकडे आले, एवढेच. हे बरेचसे खरे आहे. सहा इंचांचा निर्णय काळ्या मातीकडे बघून झालेला नव्हता. मात्र माप योगायोगाने आले तरी योगायोगाने टिकत नाही. महिंद्रच्या पुढच्या अनेक जीपगाड्यांवर हेच माप कित्येक दशके राहिले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ट्रॅक्टरची मागची चाके रुंद असतात, मग ती का रुतत नाहीत? एक तर ती रुततात, आणि दोरखंड घेऊन दुसरा ट्रॅक्टर बोलावावा लागतो. शिवाय ट्रॅक्टरच्या टायरचे दात चांगले खोल आणि एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे माती गळून पडते, आणि चाकाची उंचीही मोठी असते. त्यातली नुसती रुंदी उचलून जीपला लावणे ही अर्धी नक्कल झाली. तिसरी गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. जिथे काळी माती कित्येक हात खोल आहे, तिथे अरुंद चाकाला टेकायला खाली काहीच सापडत नाही. ते नुसतेच खाली जाते.

अशा ठिकाणी हवा कमी करून टायर पसरवतात आणि त्याने गाडी थोडी तरंगतेही. पण ती हवा परत भरली नाही तर धोका डांबरी रस्त्यावर येतो. १९६३ साली नासाने विमानांच्या टायरांवरून काढलेला ठोकताळा असा, की साचलेल्या पाण्यावर चाक केव्हा तरंगू लागेल हे टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरते. ३२ पौंड हवेला तो वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. १८ पौंडांना सुमारे ७१. चिखलासाठी केलेले विरळ नक्षीचे टायर ओल्या डांबरावर तसेही कमी धरतात, कारण त्यांचे रबर रस्त्याला कमी लागते. चार इमलीतून निघणाऱ्या गाडीचा बहुतेक प्रवास डांबरावरचाच. तिला कंपनीने दिलेल्यापेक्षा रुंद नव्हे, जमल्यास एक माप अरुंद आणि तेवढ्याच उंचीचा, मध्यम खाचांचा टायर पुरे. तोही झीज दाखवणाऱ्या १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत न ताणता बदललेला बरा.

राहिली ती खोल काळी माती. तिच्यासाठी कुठल्याच काळात चाक निघाले नाही. शेतकऱ्याने तिच्यासाठी ‘वाफसा’ हा शब्द ठेवला, म्हणजे ओली माती कामाजोगी सुकण्याची अवस्था, आणि तो येईपर्यंत औत जसे बांधावर, तशी गाडीही अंगणात उभी ठेवली. पावसाळ्यात गाडी थांबवण्याची ही रीत जंगलातही दिसते: मध्य प्रदेशातल्या व्याघ्रप्रकल्पांचे गाभाक्षेत्र आजही १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांच्या गाड्यांना बंद असते.