आजोबांच्या मामाचं गाव

आता पणजीकडे येऊ. पणजोबांच्या मागच्या दोन पिढ्या आपण घडाघडा सांगतो. पणजीचं माहेरचं आडनाव विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. मग आपण जुने फेरफार काढतो. मोडीत असले तर वाचणारा शोधावा लागतो. त्यात पुरुषापुढे ‘बिन’ आणि बापाचं नाव, बाईपुढे ‘कोम’ आणि नवऱ्याचं. म्हणजे बाई सापडली तरी तिचा बाप सापडत नाही!

आणि ती सापडते कधी? बहुतेक वेळा नवरा गेल्यावर. मुलगा लहान असला की वारस-नोंदीत लिहिलेलं असतं ‘अ. पा. क. आई’, म्हणजे अज्ञान पालन करणारी. जमीन पोराची, ती नुसती सांभाळणारी. पण 1918च्या इन्फ्लुएंझात ज्या घरातला कर्ता गेला, तिथे सारा कोणी भरला? बैल कोणी राखले? पोर सज्ञान झालं की तिचं नाव निघालं. हिंदू विधवेला पूर्ण मालकी 1956च्या वारसा कायद्याने मिळाली. तोवर कितीतरी पणज्या गेल्या होत्या.

माहेर शोधायला कागद पुरत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपण एवढंच विचारायचं, आजोबांच्या मामाचं गाव कोणतं? तेच पणजीचं माहेर.