पटावरचें नागपूर

इतिहासांत जें घडलें तें तसेंच घडणार होतें, असें मानण्याची आपणांस संवय आहे. स्वीडनमधील पॅराडॉक्स कंपनीनें २०२२ सालीं काढलेला ‘व्हिक्टोरिया ३’ हा संगणकावरील राज्यकारभाराचा खेळ ती संवय मोडतो. त्याचा काळ १८३६ ते १९३६. आम्ही भिवापूरचे; साहजिकच ईस्ट इंडिया कंपनीच्या अंकित असलेलें नागपूरकर भोसल्यांचें राज्य आम्ही खेळावयास घेतलें. कर बसवावे, कारखाने उभारावे, सैन्य वाढवावें आणि संधि साधून मांडलिकी झुगारावी, असा हा डाव. दोन डावांत बुडालों, तिसऱ्यांत तरलों.

प्रत्यक्षांत तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्यें निपुत्रिक वारले व १८५४ मध्यें डलहौसीनें राज्य खालसा केलें. तेंही अटळ नव्हतें. त्याच्याच कौन्सिलांतील कर्नल लो यांनीं विरोध नोंदविला होता. निर्णय माणसांचा होता; म्हणून जबाबदारीही माणसांवरच पडते. हा धडा खेळ उत्तम देतो.

परंतु पटावर प्रजा म्हणजे धंदा, धर्म आणि संस्कृति यांप्रमाणें मोजलेले आंकडे. राज्य गेलें कीं नकाशाचा रंग पालटतो, इतकेंच. नागपुरांत मात्र वाड्यांतील हत्ती-घोडे लिलांवांत निघाले, जडजवाहीर कलकत्त्यास गेलें आणि वृद्ध बांकाबाईंस तें पाहावें लागलें. या मानहानीस पटावर घर नाहीं. घरांतील तरुणांनीं हा खेळ अवश्य खेळावा. मात्र त्यानंतर १८५४ चे कागदही वाचावे, असें आम्हांस वाटतें.